मेंदूच्या खोल भागातला रक्तवाहिन्यांचा गुंता : ऑपरेशनला होकार देण्याआधी

एमआरआयचा रिपोर्ट हातात पडतो. त्यात थॅलॅमस, बेसल गँग्लिया किंवा ब्रेनस्टेम असं मेंदूच्या खोल भागाचं नाव असतं आणि पुढे ‘एव्हीएम’ किंवा ‘कॅव्हर्नोमा’. त्याच संध्याकाळी घरात तीन मतं तयार होतात. मामा म्हणतात, आजच मुंबईला हलवा. मेव्हणे म्हणतात, सुरत जवळ आहे. शेजारचे सांगतात, काहीही झालं तरी डोकं उघडू देऊ नका. सिल्वासा, नरोली, खानवेल भागातले वाचक आम्हाला जे विचारतात ते या तिन्हींच्या मधलंच असतं: ऑपरेशन कधी करायचं आणि कुठे?

खोल जागेतल्या दोषात हा पहिला प्रश्न नसतोच. आधी दोन गोष्टी पक्क्या करा. दोष नेमका कोणता आहे? आणि त्यातून आजवर एकदा तरी रक्त आलं आहे का? या दोन उत्तरांवर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. कित्येकदा न्यूरोसर्जन फिल्म पाहून ‘हात लावू नका’ म्हणतात. तो नकार टाळाटाळीचा नसतो. बहुतेक वेळा तोच विचारपूर्वक दिलेला सल्ला असतो.

आधी तातडीचं : आत्ता, या क्षणी काही घडत असेल तर

अचानक, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, सोबत उलट्या, ग्लानी, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा पहिल्यांदाच आलेली फिट यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. सिल्वासातल्या श्री विनोबा भावे सिव्हिल रुग्णालयात किंवा जवळ सीटी स्कॅन असेल तिथे पोहोचा. ताजं रक्त साध्या सीटीत काही मिनिटांत दिसतं. त्यासाठी एमआरआयची वाट पाहू नका.

तोपर्यंत घरच्यांनी एवढं पाळावं:

- रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात पाणी, चमचा, गोळी काहीही घालू नका. फिट आली म्हणून कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.
- लकवा समजून ॲस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती गोळी घातक ठरते.
- त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. डॉक्टर हे आधी विचारतात.
- रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्यांची पाकिटं सोबत घ्या.

फिटला ‘वारं लागलं’ समजून आधी भगताकडे नेण्याची रीत आपल्या भागात आजही आहे. श्रद्धेचा प्रश्न घरच्यांचा, पण क्रम चुकवू नका. आधी सीटी.

सीटीत रक्त दिसलं तर पहिलं काम जीव वाचवण्याचं असतं: श्वास, रक्तदाब, मेंदूतलं पाणी तुंबलं असेल तर नळी घालून वाट करून देणं, गुठळी फार मोठी असेल तर ती काढणं. मूळ गुंता त्याच रात्री काढायला हवा असं नाही. रुग्ण स्थिर असेल तर सर्जन बहुधा काही आठवडे थांबतात. मेंदूची सूज उतरते, रक्त विरघळतं आणि गुंत्याचा खरा आकार दिसू लागतो. ‘चार आठवड्यांनी या’ म्हणून घरी पाठवलं तर त्याला निष्काळजीपणा समजू नका. मात्र रक्तदाबाची आणि फिटची औषधं काय, कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं, हे कागदावर लिहून घ्या.

रुग्णाला दुसरीकडे हलवायचं असेल तर इथल्या डॉक्टरांना पुढच्या रुग्णालयाशी आधी बोलायला सांगा. आयसीयूची खाट आहे का, न्यूरोसर्जन ड्यूटीवर आहेत का, हे ठरल्याशिवाय ॲम्ब्युलन्स हलवू नका. महामार्गावरच्या वाहतुकीत अस्थिर रुग्ण घेऊन मुंबई गाठण्याचा हट्ट धरण्यापेक्षा न्यूरोसर्जन असलेलं जवळचं रुग्णालय बरं. मोठं नाव नंतरही गाठता येतं.

रिपोर्टातलं नाव नीट वाचा

‘डोक्यात गाठ आहे’ असं घरात बोललं जातं आणि सगळे कॅन्सरच्या भीतीने अर्धमेले होतात. हे दोष कॅन्सर नाहीत आणि ते पसरत नाहीत. पण ते सगळे एकसारखेही नाहीत.

एव्हीएम. धमनीतलं जोराचं रक्त बारीक केशवाहिन्यांत विभागून, दाब कमी होऊन मग शिरेत जायला हवं. एव्हीएममध्ये मधल्या केशवाहिन्याच नसतात. मधुबन धरणाचा मुख्य कालवा वितरिका आणि दारं न ठेवता थेट शेतातल्या पाटात सोडला तर पाटाचे काठ किती दिवस टिकतील? शिरेची भिंत तशीच ताणली जाते आणि कधीतरी फुटते. बहुतेक एव्हीएम तरुण किंवा मध्यम वयात लक्षात येतात.

कॅव्हर्नोमा. पातळ भिंतीच्या छोट्या पोकळ्यांचा पुंजका. यात रक्ताचा दाब कमी असतो. एमआरआयमध्ये मधे पांढरं-करडं आणि भोवती काळी कड दिसते. रेडिओलॉजिस्ट बहुधा ‘पॉपकॉर्न’ असा उल्लेख करतात. ती काळी कड म्हणजे जुन्या रक्तातलं साठलेलं लोह. कॅव्हर्नोमा अँजिओग्राफीत दिसत नाही, त्यामुळे ‘अँजिओ नॉर्मल आली’ म्हणजे आजार गेला असं नव्हे.

डीव्हीए. ही मेंदूच्या शिरांची वेगळी पण कामाची रचना आहे. तिला हात लावायचा नसतो. ती बंद केली तर त्या भागातलं रक्त बाहेर पडायला वाट राहत नाही. कॅव्हर्नोमा काढतानाही शेजारची डीव्हीए सर्जन जपतात. रिपोर्टात फक्त डीव्हीए असेल तर बहुतेक वेळा तुम्हाला काहीच करायचं नसतं.

अर्भकांत दिसणारा ‘व्हेन ऑफ गॅलेन’चा दोष हे वेगळंच प्रकरण. बाळाचं डोकं झपाट्याने मोठं होणं किंवा जन्मल्यावर हृदयावर ताण येणं ही त्याची लक्षणं. त्यावर कवटी उघडून नव्हे, तर नळीवाटे उपचार होतो आणि तो मोजक्याच केंद्रांत.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांच्याशी बोलाव्यात अशा दोन गोष्टी आहेत. घरात वारंवार नाकातून रक्त येणारी माणसं असतील तर ते सांगा. काही घराण्यांत रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार असतो आणि तो फुफ्फुसातही असू शकतो. आणि एमआरआयमध्ये एकाहून अधिक कॅव्हर्नोमा दिसले तर सख्ख्या भावंडांची तपासणी करावी का, ते विचारा.

डीएसए : टाळता न येणारी तपासणी

एव्हीएमची शंका असेल तर एमआरआयनंतर डीएसए सांगतात. मांडीच्या सांध्यातून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूच्या धमन्यांपर्यंत नेतात आणि औषध सोडून भराभर चित्रं घेतात. औषध जाताना डोक्यात, चेहऱ्यावर गरम लाट गेल्यासारखं वाटतं; घाबरू नका, हलू मात्र नका. पडद्यावर आधी धमन्या काळ्या दिसतात, मग मेंदू, मग शिरा. एव्हीएममध्ये हा क्रम मोडतो: धमन्या भरतात न भरतात तोच एक जाडजूड शीर भरून येते. ती शीर कुठे जाते, वरच्या पृष्ठभागाकडे की खोल आत, हे सर्जनला पाहायचं असतं. नळी मांडीतून घातली असेल तर नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं.

डीएसएमुळे लकवा होण्याचा धोका असतो, पण तो अल्प आहे. मूत्रपिंडाचा आजार, आयोडीनची ॲलर्जी, मेटफॉर्मिनची गोळी, गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधी सांगा.

‘ग्रेड’ म्हणजे काय

तुमच्या फाइलवर ‘स्पेट्झलर-मार्टिन ग्रेड’ लिहिलेली असेल. १९८६ पासून वापरात असलेली ही मोजणी घरीही करून पाहता येते. गुंता ३ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर १ गुण, ३ ते ६ असेल तर २, त्याहून मोठा असेल तर ३. बोलणं, हालचाल, दृष्टी अशा महत्त्वाच्या कामाच्या भागात असेल तर आणखी १. रक्त खोल शिरेत जात असेल तर आणखी १. बेरीज म्हणजे ग्रेड.

आता थॅलॅमसमधला जेमतेम २ सेंटिमीटरचा गुंता घ्या. आकाराचा १, जागेचा १, खोल शिरेचा १. झाली ग्रेड ३. म्हणजे ‘लहान आहे, काढून टाका’ हे खोल जागेत लागू पडत नाही. ग्रेड १ आणि २ मध्ये शस्त्रक्रियेकडे कल असतो. ग्रेड ४ आणि ५ मध्ये बहुधा हात लावत नाहीत. मधली ग्रेड ३ ही चर्चेची जागा. खोल गुंते मुख्यतः इथेच येतात, म्हणून दोन डॉक्टरांची दोन मतं पडतात. त्यात लबाडी शोधू नका, कारणं विचारा.

चार वाटा, आणि चौथी वाट काही न करण्याची

एव्हीएममधून रक्त येण्याची शक्यता ढोबळमानाने दरवर्षी २ ते ४ टक्के धरतात. एकदा रक्त आलं की पुढचा काही काळ, विशेषतः पहिल्या वर्षी, ती वाढते. खोल जागा, खोल शिरेतला निचरा आणि गुंत्यावरचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, यांनीही वाढते. वर्षाचा आकडा लहान वाटतो, पण तो उरलेल्या आयुष्यावर पसरतो. काही डॉक्टर ‘१०५ वजा वय’ असं ढोबळ गणित सांगतात: तेवढे टक्के शक्यता उरलेल्या आयुष्यात एकदा तरी रक्त येण्याची. हे गणित कच्चं आहे, पण २० वर्षांच्या मुलीचा आणि ७० वर्षांच्या आजोबांचा निर्णय वेगळा का, ते त्यातून कळतं.

१. उघडी शस्त्रक्रिया. कवटीचा तुकडा उचलून, सूक्ष्मदर्शकाखाली, आधी धमन्या आणि सर्वांत शेवटी शीर बंद करत गुंता अख्खा बाहेर काढतात. मोठा फायदा असा की पूर्ण निघाला तर धोका त्याच दिवशी संपतो. खोल जागेत अडचण वाटेची असते. सर्जनला दोन अर्धगोलांमधल्या फटीतून किंवा मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीतून आत जावं लागतं, आणि वाटेत चांगला मेंदू असतो. विचित्र वाटेल, पण आधी रक्तस्राव झालेला असेल तर कधी कधी ऑपरेशन सोपं होतं: गुठळीने आधीच पोकळी केलेली असते आणि तिथलं नुकसान होऊन गेलेलं असतं. एकाच जागेचा, एकाच आकाराचा दोष असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाला ऑपरेशन आणि दुसऱ्याला नकार मिळतो, त्यामागे हे कारण असू शकतं. अर्ध्या अंगाचा अशक्तपणा, दृष्टीचा एक भाग जाणं, दोन-दोन दिसणं, स्मरणशक्तीवर परिणाम हे धोके तुमच्या बाबतीत किती, हे आकड्यात विचारा.

२. रेडिओसर्जरी. गॅमा नाइफ, सायबरनाइफ किंवा लिनॅक. यात चिरा देत नाहीत. अचूक किरण एकाच जागी एकवटतात. गॅमा नाइफमध्ये बहुधा कपाळाची आणि मागची जागा बधिर करून डोक्याला चौकट बसवतात आणि रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. ३ सेंटिमीटरखालच्या, हात न पोचणाऱ्या गुंत्यांसाठी हा चांगला पर्याय आहे. लहान एव्हीएम सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत बंद होतात. पण बंद व्हायला २ ते ३ वर्षं लागतात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका तसाच राहतो. सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान किरणांमुळे सूज येऊन डोकेदुखी किंवा अशक्तपणा होऊ शकतो. आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त गफलत इथेच होते. रुग्ण ‘उपचार झाला’ म्हणून कामाला लागतो आणि पुढच्या एमआरआयला फिरकत नाही. एमआरआयमध्ये गुंता दिसेनासा झाल्यावरही डीएसए करून तो बंद झाल्याची खात्री करायची असते.

३. एम्बोलायझेशन. डीएसएसारख्याच वाटेने आत जाऊन ऑनिक्स किंवा वैद्यकीय गोंद सोडून वाहिन्या बुजवतात. लहान गुंत्यात कधी एवढ्यानेच काम होतं. बहुतेकदा मात्र ऑपरेशन सोपं करण्यासाठी किंवा धोकादायक फुगा बंद करण्यासाठी हे आधी करतात. ‘अर्धा बुजवला’ म्हणजे ‘अर्धा धोका गेला’ असं होत नाही. अर्धवट राहिलेला गुंता फुटू शकतो. पहिल्या फेरीला होकार देण्याआधी संपूर्ण योजना विचारा: किती फेऱ्या, त्यांचा शेवट कशात, आणि मधेच थांबावं लागलं तर काय?

४. औषधं आणि नजर. कधीच रक्त न आलेल्या एव्हीएमबद्दल ‘अरुबा’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. सरासरी तीनेक वर्षांच्या काळात नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांमध्ये लकवा आणि मृत्यू कमी दिसले. तिच्यावर टीकाही झाली: काळ फार थोडा, आणि ऑपरेशन झालेले रुग्ण मोजकेच. तरी तिच्यापासून एवढं नक्की ठरलं की रक्त न आलेल्या, खोल, मोठ्या गुंत्याला घाईने हात लावण्याचं समर्थन डॉक्टरांना द्यावं लागतं. ते तुम्ही मागा.

कॅव्हर्नोमाचा हिशेब वेगळा

डोकेदुखीसाठी केलेल्या एमआरआयमध्ये योगायोगाने सापडलेला, कधी त्रास न दिलेला खोल कॅव्हर्नोमा बहुधा तसाच ठेवतात आणि ठरावीक काळाने एमआरआय करतात. तुमची डोकेदुखी त्याच्यामुळेच आहे हेही गृहीत धरू नका. अर्धशिशी आणि कॅव्हर्नोमा एकाच डोक्यात सुखाने राहू शकतात.

ब्रेनस्टेममधल्या कॅव्हर्नोमाची गोष्ट निराळी. जागा अतिशय दाटीची, त्यामुळे थोडं रक्तही चालणं, गिळणं, डोळ्यांची हालचाल बिघडवतं. तिथे ऑपरेशनचा विचार साधारणपणे एकाहून अधिक वेळा रक्त आलं असेल, त्रास वाढत असेल आणि पुंजका ब्रेनस्टेमच्या पृष्ठभागापर्यंत आलेला असेल तेव्हा करतात. पृष्ठभागावर नसेल तर चांगला मेंदू कापून आत जावं लागतं. ऑपरेशननंतर सुरुवातीला त्रास वाढू शकतो आणि बहुधा काही महिन्यांनी उतरतो, हे घरच्यांना आधीच माहीत असावं. कॅव्हर्नोमावर गॅमा नाइफचा उपयोग किती, यावर डॉक्टरांत एकमत नाही. एव्हीएमचे आकडे इथे लावू नका.

सिल्वासाहून निघताना फाइल कशी हवी

तातडी नसेल तर एक-दोन आठवडे देऊन, फाइल नीट लावून जा. न्यूरोसर्जन रिपोर्टाचा कागद नव्हे, चित्रं पाहतात.

- एमआरआय, सीटी, डीएसए या सगळ्यांची डायकॉम स्वरूपातली सीडी किंवा पेनड्राइव्ह. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो निर्णयाला पुरत नाही.
- त्रासाची तारीखवार नोंद एका पानावर: पहिली फिट, पहिली डोकेदुखी, दवाखान्यातले दिवस.
- चालू औषधांची यादी, डोससह.
- आधार, आयुष्मान कार्ड आणि रुग्णालयाच्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते पाहा. आपल्याकडे कागद गुजराती, हिंदी, मराठी, इंग्रजी अशा चार भाषांत फिरतात आणि ‘चौधरी’चे तीन अवतार होतात. मंजुरी अडकते ती अशा ठिकाणी.

वापीहून रेल्वेने दादरला उतरलात की परळचं केईएम जवळ पडतं. सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जे. जे. हीही न्यूरोसर्जरी असलेली सार्वजनिक रुग्णालयं. ओपीडीचे वार युनिटप्रमाणे असतात. केस पेपरसाठी सकाळी लवकर पोहोचा. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात १९९७ पासून गॅमा नाइफ आहे. मतभेद असतील तर बंगळूरचं निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा या संस्थांचं मत घेणाऱ्या मराठी घरांची संख्या कमी नाही.

कुठेही गेलात तरी रुग्णालयाच्या नावापेक्षा हे विचारा: न्यूरोसर्जन, नळीवाटे उपचार करणारे डॉक्टर आणि रेडिओसर्जरीचे डॉक्टर हे तिघं एकत्र बसून केस पाहतात का? ज्याच्याकडे एकच हत्यार, त्याचा सल्ला त्याच दिशेने झुकतो. ‘खोल एव्हीएमच्या वर्षाला किती केसेस करता?’ हा प्रश्न उद्धट नाही. चांगले सर्जन शांतपणे आकडा सांगतात.

पैसा : कोणती योजना कुणाला

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे, आणि सिल्वासाचं कार्ड देशातल्या कोणत्याही संलग्न रुग्णालयात चालतं. पण रुग्णालय न्यूरोसर्जरीसाठी संलग्न हवं. ‘आयुष्मान चालतं’ एवढ्यावर विसंबू नका. १४५५५ वर फोन करून रुग्णालयाचं नाव आणि विभाग दोन्ही विचारा. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट नाही. पूर्वमंजुरी मिळेपर्यंत स्वतःचे पैसे भरू नका. नंतर परतावा मिळवणं जिकिरीचं जातं.

महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना मुंबईत उपचार घेतल्याने लागू होत नाही. ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. तुमचं रेशनकार्ड पालघर किंवा नाशिक जिल्ह्यातलं असेल तरच तिकडे चौकशी करा. दोन राज्यांत दोन कार्डं काढण्याचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी पगाराची चिठ्ठी पाहावी. ईएसआयसीची ०.७५ टक्के वर्गणी कापली जात असेल तर मोठ्या उपचारांसाठी त्यांच्याकडून रेफरल मिळू शकतो. रेफरल आधी, दाखल होणं नंतर. मुंबईतल्या धर्मादाय विश्वस्त रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी मिळून २० टक्के खाटा राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधीकडे अर्ज करायचा असेल तर रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक सही-शिक्क्यासह लागतं.

खासगी विमा असणाऱ्यांना एक ठरलेलं उत्तर ऐकायला मिळतं: ‘एव्हीएम जन्मजात आहे, दावा बसत नाही.’ तिथेच थांबू नका. पॉलिसीत सहसा वगळलेले असतात ते बाहेरून दिसणारे जन्मजात दोष. मेंदूतला दोष बाहेरून दिसत नाही. नकार कलमासह लेखी मागा, कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, आणि तरीही दाद लागली नाही तर नकारापासून एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे. दादरा-नगर हवेलीसाठी ते कार्यालय अहमदाबादला आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही.

सही करण्याआधी

संमतीपत्रावरची सही ही नुसती औपचारिकता नाही. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं की तपासणीला दिलेली संमती म्हणजे उपचाराला दिलेली संमती नव्हे. तुमच्या बाबतीत याचा सरळ अर्थ: डीएसएला होकार दिलात म्हणून त्याच बैठकीत एम्बोलायझेशन करता येत नाही, जीवावर बेतलेली तातडी सोडून. दोन्ही एकदम करायचं असेल तर तसं आधी लिहिलेलं असावं आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगितलेलं असावं. मराठीत किंवा वारलीत समजावून सांगणारं माणूस मागायला संकोच करू नका.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न:

- माझ्या बाबतीत काही न करण्याचा धोका किती आणि या उपचाराचा किती?
- गुंता पूर्ण जाईल की भाग राहील? राहिला तर पुढे काय?
- कायमचं अपंगत्व येण्याची शक्यता किती, आणि ते नेमकं कशात?
- ऑपरेशन कोण करणार, तुम्ही स्वतः की तुमच्या टीममधलं कुणी?
- एकूण खर्च किती, आयसीयूचे दिवस वाढले तर किती?

दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी नोंदी मागणंही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने नोंदी मागितल्यावर त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या. तपशीलवार बिल मिळायलाच हवं, आणि बिल थकलं म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. सेवेत त्रुटी राहिली असं वाटलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आता ती तुम्ही राहता त्या ठिकाणीही दाखल होते, म्हणजे मुंबईतल्या रुग्णालयाविरुद्ध मुंबईलाच खेटे घालायला हवेत असं नाही. माहितीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. मात्र वाईट निकाल आणि निष्काळजीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोल एव्हीएममध्ये उत्तम सर्जनच्या हातूनही अपंगत्व येऊ शकतं.

घरी आल्यावर

ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस आयसीयूत रक्तदाब फार काटेकोर ठेवतात. वर्षानुवर्षं गुंत्याकडे वळलेलं रक्त एकदम शेजारच्या मेंदूत शिरतं आणि तिथे सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो. भेटायला येणाऱ्यांची रांग तेव्हा तरी थांबवा. रुग्णालयातून सुटण्याआधी किंवा नंतर लवकरच डीएसए करून गुंता पूर्ण निघाल्याची खात्री झाली का, ते विचारा. तो रिपोर्ट फाइलमध्ये असलाच पाहिजे.

फिटच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. वर्षभर फिट आली नाही ती गोळीमुळेच, हे लोक विसरतात. डॉक्टर सांगेपर्यंत मोटारसायकल चालवू नका. कारखान्यात प्रेस, कटिंग किंवा उंचावरचं काम असेल तर काम बदलून मिळावं असं पत्र डॉक्टरांकडून मागून घ्या. दमणगंगेत किंवा विहिरीत एकट्याने पोहणं बंद. तंबाखू आणि दारू सोडा, रक्तदाब नियमित मोजा, दुखण्यासाठी ॲस्पिरिन किंवा तत्सम गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. मान मोडून घेणं, डोक्याची जोरकस मालिश टाळा. गुंता ‘विरघळवणारं’ औषध कोणत्याच पॅथीत नाही. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी न्यूरोसर्जनशी बोला. उपचार आधी की मूल आधी, हे त्यांच्यासोबत ठरवायचं आहे.

अर्धांग कमजोर राहिलं असेल तर फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यापासून सुरू करा. सुधारणा सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत जास्त होते आणि ती थांबली असं वाटल्यावरही चालू राहते. यासाठी मुंबईला राहण्याची गरज नाही. व्यायाम लिहून घ्या आणि सिल्वासातच करा.

आणि तुमच्या एमआरआयची सीडी अजून सेंटरवरच पडून असेल तर ती या आठवड्यात जाऊन घेऊन या.